रोजचा गोंगाट, कान आणि तब्येत: इंदूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

कान तपासायला येणारी मंडळी आणि त्यांच्याबरोबर आलेले नातेवाईक जे विचारतात, त्यातलं बरंचसं इथे एकत्र केलं आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे गैरसमज जास्त, तिथे लिहिलंही जास्त.

आमचं घर एबी रोडला लागून आहे. सुरुवातीला झोप लागत नसे, आता सवय झाली. मग त्रास कसला?

सवय मनाला झाली, हे खरं. आधी प्रत्येक ट्रकला जाग यायची, आता येत नाही. पण डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना काहीच नाही. झोपेतही ते ऐकतच असतात. रात्री दोन वाजता कुणी हॉर्न दिला की मेंदूतला धोका ओळखणारा भाग सावध होतो, नाडी क्षणभर वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी यातलं काही आठवत नाही. फक्त आठ तास झोपूनही अंग जड वाटतं, आणि दोष गादीला किंवा वयाला दिला जातो. झोपेच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे: वर्षानुवर्षं गोंगाटात झोपणाऱ्यांना जाग कमी येते, पण नाडीचं ते उसळणं बऱ्याच अंशी तसंच राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे रहिवासी भागाची रात्रीची कायदेशीर मर्यादाही ४५ च आहे. एबी रोडकडच्या खिडकीत ती पाळली जाते का, ते तुम्हीच सांगा.

शक्य असेल तर झोपायची खोली मागच्या बाजूला न्या. रस्त्याकडच्या खिडकीच्या फटी बुजवा. जाड पडद्याने आवाज अडेल ही अपेक्षा ठेवू नका. पडदा खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज फारसा थांबवत नाही.

माझं बीपी वाढलेलं आहे. त्याचा आवाजाशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, पण सगळं खापर आवाजावर फोडू नका. मीठ, वजन, तंबाखू, घराण्यातला इतिहास हे सगळं आहेच. गोंगाट त्यात भर घालतो. शरीर मोठ्या आवाजाला धोका समजतं, ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात. हे कधीतरी झालं तर चालतं. दिवसातून अनेकदा आणि वर्षानुवर्षं झालं तर रक्तदाब खाली उतरायला उसंत मिळत नाही. वर सांगितलेल्या २०१८ च्या शिफारशींसाठी जे अभ्यास तपासले गेले, त्यांत वाहतुकीचा आवाज दर १० डेसिबलनी वाढला की हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजाराची जोखीम सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. एकट्या माणसासाठी ही वाढ लहान आहे. अख्ख्या शहराचा हिशेब केला तर लहान नाही.

आणि हो, खिडकी बदलली म्हणून गोळी बंद करायची नसते.

डेसिबल म्हणजे नेमकं काय? ८० आणि ९० मध्ये असा काय मोठा फरक?

मोठाच आहे. डेसिबलचा हिशेब बेरजेचा नाही, पटीचा आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. कानाला मात्र तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो, आणि घोळ इथेच होतो. ३ डेसिबल वाढले तर फरक जेमतेम जाणवतो, पण ऊर्जा दुप्पट झालेली असते.

म्हणून आवाजाबरोबर वेळही मोजावा लागतो. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेची एनआयओएसएच ही संस्था असं सांगते: ८५ डेसिबल आठ तास चालेल, ८८ चार तास, ९१ दोन तास, ९४ एक तास, १०० फक्त पंधरा मिनिटं. याच हिशेबाने ११० डेसिबलला दीड मिनिटात दिवसाचा कोटा संपतो. डीजेच्या भिंतीसमोर नाचताना दीड मिनिटात गाण्याचं धृपदसुद्धा पुरं होत नाही.

मीटर नसेल तर सोपी खूण: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे ८५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे असं धरा. साधं बोलणं ६० च्या घरात असतं. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात उभे राहून हे करून पाहा. फोनमधलं ॲप अंदाजापुरतं ठीक, त्यावरून कुणाशी भांडण काढू नका.

कानात बिघडतं काय?

अंतर्कर्णात शंखासारखी कोक्लिया असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, त्यांच्या टोकांवर अतिसूक्ष्म केस. आवाजाच्या लाटेने ते वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्यात माळव्यातला उभा गहू आडवा होतो आणि वारा पडला की सावरतो, तसंच. पण गारपिटीत ताटच मोडलं तर ते उभं राहत नाही. माणसाच्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, आपल्या नाहीत.

आणि हे होताना दुखत नाही. कान दुखू लागतात ते साधारण १२० डेसिबलच्या पुढे; नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. कानाने दुखून सांगितलं असतं, तर हे पान लिहायची गरज पडली नसती.

रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) कान सुन्न झाले, शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. म्हणजे वाचलो ना?

बहुतेक वेळा ऐकणं एक-दोन दिवसांत मूळ पातळीवर येतं, आणि पूर्वी डॉक्टरही ‘झालं बरं’ म्हणून सोडून देत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरच्या एका अमेरिकन अभ्यासाने ही निश्चिंती घालवली. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या, पण त्या पेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे दुवे कोक्लियाच्या काही भागात जवळपास निम्मे कायमचे गेले होते. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर संशोधन चालू आहे. शांत खोलीतली तपासणी नॉर्मल, पण लग्नाच्या पंगतीत शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही, अशी तक्रार तरुणांकडून येते, तेव्हा हाच विचार मनात येतो.

गेरला जाऊ नका असं कोणीही इंदूरकर सांगणार नाही. राजवाड्यावर जा, रंगा, पण स्पीकरच्या गाडीला चिकटून चालू नका. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो; अरुंद गल्लीत भिंतींमुळे कमी उतरतो. अधूनमधून बाजूच्या गल्लीत शिरून कानांना विसावा द्या. नंतर एक-दोन दिवस इयरफोन लावू नका. शिट्टी तरीही थांबली नाही तर तपासून घ्या.

आजोबा कापड गिरणीत होते. आता वयामुळे ऐकू येत नाही म्हणतात. खरंच वयामुळेच?

वयाचा वाटा आहे, पण सगळा नसावा. इंदूरच्या अनेक मराठी घरांत हा प्रश्न आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली; मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. जुन्या मागांच्या विणकाम खात्यात आवाज सहज ९५ ते १०० पर्यंत असायचा. माणसं ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. कानाला काही लावायची पद्धत नव्हती. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आपण गिरणी कामगारांची देणगी म्हणून मिरवतो. त्याच कामगारांचे कान गेले याचा उल्लेख क्वचितच होतो.

आवाजाने आलेल्या बहिरेपणाची ओळख तपासणीच्या आलेखात पटते: उंच सुरांच्या ३००० ते ६००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, बहुधा ४००० ला, खड्डा पडलेला असतो आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. वयाने कमी होणारं ऐकणं उंच सुरांकडे सरळ उतरत जातं. ऐंशीव्या वर्षी दोन्ही मिसळतात आणि खड्डा बुजल्यासारखा दिसतो, म्हणून कामाचा इतिहास सांगणं महत्त्वाचं. डॉक्टर विचारायला विसरले तर तुम्ही सांगा.

पण त्यांना आवाज येतो. शब्द कळत नाहीत, एवढंच. लक्ष देत नाहीत असं आजीचं म्हणणं आहे.

आजींना समजावा. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरदार असतात. स, श, फ, ख यांचा फुत्कार उंच पट्टीत असतो आणि क्षीण असतो. ४००० च्या आसपास खड्डा पडला की बोलण्याचा सांगाडा ऐकू येतो, कडा गायब होतात. ‘सात’ की ‘हात’ हे ओठ पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला पुढची खुर्ची मिळूनही शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ विचारावं लागतं ते यामुळेच. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. समोर बसून, जरा सावकाश, टीव्ही बंद करून बोला.

यंत्र लावायला टाळाटाळ करू देऊ नका. श्रवणयंत्राने गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण माणूस संभाषणात राहतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०१७ पासून आपल्या अहवालांत कमी ऐकू येणं हे टाळता येण्याजोग्या जोखमींत धरलं आहे. यंत्र लावल्याने स्मृतिभ्रंश नक्की टळतो असं मात्र कुणी विकणारा सांगत असेल, तर तो जास्त बोलतो आहे.

मुलगा दिवसभर कानात इयरबड घालून असतो. भंवरकुआंच्या कोचिंगला बसने जाता-येता गाणी, घरी आल्यावर लेक्चर.

लेक्चरची चिंता कमी, बसची जास्त. गोंगाटात माणूस गोंगाटाच्या वर ऐकू येईपर्यंत आवाज वाढवत नेतो. बसमध्ये ८० असेल तर गाणं ९० ला जातं, आणि हे त्याला जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास. ९० ला हेच ४० तास चारवर येतात, १०० ला वीस-पंचवीस मिनिटांवर. अनेक फोन पूर्ण आवाजावर १०० गाठतात.

त्याला ओरडून फायदा नाही, तसंही ऐकू जाणार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनची कमाल मर्यादा ठरवता येते, ती दोघांनी मिळून ठरवा. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन परवडत असतील तर बसमध्ये ते बरे, कारण आवाज वाढवावा लागत नाही. रस्ता ओलांडताना आणि गाडी चालवताना काहीही नको.

मिक्सर, कुकरची शिट्टी, हेअर ड्रायर?

मिक्सर जवळून ८५-९० च्या घरात जातो, पण चालतो दोन-चार मिनिटं. घरगुती वापराने कान जाणार नाहीत. मिक्सरखाली रबरी चटई टाका, ओट्याचा थरकाप कमी होतो. चटणी-मसाल्याचा घरगुती व्यवसाय असेल आणि तासन्‌तास मिक्सर चालत असेल, तर कानात इयरप्लग (आवाज अडवणारं बूच) घाला.

शाळा रस्त्यालगत आहे. मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का?

होतो, आणि त्याचे पुरावे जुने आहेत. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शाळेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वे जायची. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडलेली आढळली. पुढे रुळांवर रबर बसवलं, वर्गांत आवाज शोषणारी छतं लावली आणि फरक मिटला. म्युनिकचा विमानतळ १९९२ मध्ये जुन्या जागेवरून हलला, तेव्हा आणखी स्पष्ट दिसलं: जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्यांचं घसरलं.

पालक सभेत हे मांडण्यासारखं आहे. रस्त्याकडच्या खोल्यांत ऑफिस आणि भांडार, मागच्या बाजूला लहान वर्ग, एवढा बदलही बिनखर्चाचा आहे. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित करता येतं. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० ची मर्यादा असते.

पीथमपूरला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये नोकरी आहे. कंपनी प्लग देते, पण घातले की मशीनचा आवाज कळत नाही.

ही तक्रार खरी आहे, जुने कारागीर मशीनचं दुखणं आवाजावरूनच ओळखतात. पण प्लगमध्ये ती ओळख काही दिवसांत पुन्हा जमते. प्लग न घातल्याने गेलेलं ऐकणं पुन्हा येत नाही. आठ तासांपैकी एक तास प्लग काढून ठेवला, तरी संरक्षणाचा मोठा भाग वाया जातो, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, ८५ ची नाही. म्हणजे नियम पाळणाऱ्या शॉपमध्येही काही जणांचे कान जाऊ शकतात. आवाजाने आलेलं बहिरेपण हा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे. नोकरीला लागताना झालेल्या श्रवण तपासणीची प्रत स्वतःजवळ ठेवा; पुढे भरपाईचा प्रश्न आला तर तोच कागद बोलतो.

प्लग नसेल तर कापूस चालेल? आणि लसणाचं तेल?

कापूस जवळजवळ निरुपयोगी. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. बहुतेक जण तो नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. पाकिटावरचा ३० डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी पुष्कळ. तान्ह्या बाळाला प्लग नको, कानांवर बसणारे मफ घ्या.

तेल नको. आवाजाने झालेली इजा कानाच्या पडद्याच्या फार आत असते, तेल तिथे पोहोचत नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र मधल्या कानात जाऊन पू करतं.

दिवाळीत कानाजवळ फटाका फुटला. ऐकू कमी येतंय.

काहीही घालू नका, पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा. स्फोटाच्या आवाजाला वेळेचा हिशेब लागू नाही. १४० डेसिबलच्या वरचा एक दणका पुरतो.

एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, आवाज वगैरे काही नव्हता.

ही तातडीची बाब आहे. मळ असेल म्हणून आठवडाभर थांबू नका. नस अचानक क्षीण झाली असेल तर स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने घटते.

कानात सतत रातकिडे ओरडतात. यावर गोळी आहे?

मूळ आवाजच घालवणारी गोळी नाही. ज्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्यांच्या मागे भक्कम पुरावा नाही. पण ‘याच्याबरोबर जगायला शिका’ असं सांगून घरी पाठवणंही चूक. आधी ऐकणं तपासा. कमी असेल तर यंत्र लावल्यावर पुष्कळांचे रातकिडे मागे पडतात. रात्री पंख्याचा किंवा हलक्या पावसाचा आवाज ठेवला तर शांततेत ते ठळक होत नाहीत. एकाच कानात असेल, नाडीबरोबर ठोके पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

तपासणी कुठे करायची? दुखते का?

दुखत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक सूर ऐकायचे आणि ऐकू आला की बटण दाबायचं. एमवाय या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात दाखवा, किंवा खासगी ऑडिओलॉजिस्टकडे. आदल्या रात्री वरातीत नाचून येऊ नका, निकाल खोटा वाईट येतो.

गल्लीतल्या बुलेटच्या फटाका सायलेन्सरचं काय करावं?

आवाजाचे निकष मोडणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विनाकारण हॉर्न वाजवण्याला कलम १९४-एफ आहे: १,००० रुपये, पुन्हा केल्यास २,०००. स्वारांनी एक लक्षात घ्यावं: मोकळ्या रस्त्यावर वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० च्या वर जाऊ शकतो, सायलेन्सरची भर वेगळी.

शेजारच्या मॅरेज गार्डनचा डीजे रात्री बारापर्यंत चालतो. तक्रार केली तर आपणच वाईट ठरतो.

ठरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून एकट्याने फोन करण्याऐवजी चार-पाच घरांनी मिळून लेखी द्यावं. नियम तुमच्या बाजूने आहे: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. खासगी लग्न त्यात बसत नाही. दिवसाही खासगी जागेतल्या आवाजाने तिच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भर घालता कामा नये. मध्य प्रदेशात १९८५ चा स्वतंत्र कोलाहल नियंत्रण कायदाही आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी पदभार घेतल्यावर काढलेला पहिला आदेश ध्वनिक्षेपकांबद्दलच होता.

चालू कार्यक्रमात ११२ वर फोन करा, जागा आणि वेळ नेमकी सांगा. वारंवार होत असेल तर ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि १८१ या सीएम हेल्पलाइनवर नोंद करा. तिथला तक्रार क्रमांक जपून ठेवा; तुमचं समाधान झालेलं नसताना ‘तक्रार बंद करू का?’ असा फोन आला, तर नाही म्हणा.